बकासुराचा गाडा

दिवाळीची सुटी जवळ आली की आमच्या घरी एक परिषद भरते. अध्यक्षपद अर्थातच सौभाग्यवतींकडे. चिरंजीव आणि धाकटी कन्या हे दोन बोलके सभासद. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे बोलण्याचे काम दिवसभर होतेच. घरच्या परिषदेत माझे काम खर्चाला मान हलवण्यापुरते. विषय दरवर्षी एकच, यंदा कुठे जायचे? कोकण लांब पडते, महाबळेश्वर महाग पडते, आणि नागपूरच्या मामांकडे जाणे याला आमची मुले प्रवास समजत नाहीत.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी ठराव मांडला, "बाबा, वाघ पाहायचा." धाकटीने अनुमोदन दिले. सौभाग्यवतींनी उपसूचना जोडली की, परतताना केळझरच्या गणपतीचे दर्शन झालेच पाहिजे. ठराव एकमताने मंजूर झाला.

वर्ध्याच्या माणसाला वाघासाठी फार दूर जावे लागत नाही. बाहेरच्या लोकांना वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार आठवतात. गांधीजी १९३६ साली ज्या शेगावात राहावयास आले त्याचेच पुढे सेवाग्राम झाले, आणि पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, हे शाळकरी मुलेही सांगतील. पण अहिंसेच्या या जिल्ह्यात पट्टेदार वाघही सुखाने नांदतात, हे सांगितले तर पुण्या-मुंबईचे पाहुणे आपली थट्टा चालली आहे असे समजतात.

थट्टा नव्हे. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघावे, पवनार मागे टाकून सेलूला यावे, तेथून हिंगणीचा रस्ता धरावा, की थोड्याच वेळात बोर धरणाची भिंत दिसू लागते. या बोर नदीच्याच नावाने १९७० साली येथे अभयारण्य झाले, आणि २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मेळघाट, ताडोबा, पेंच, सह्याद्री आणि नवेगाव-नागझिरा यांच्यानंतरचा हा महाराष्ट्रातला सहावा प्रकल्प. क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. त्या वेळी देशातला सर्वांत लहान. पुढे भोवतालचा मुलूख 'बफर' म्हणून त्याला जोडण्यात आला. पण बोरचे महत्त्व आकारात नसून जागेत आहे. पेंच, मेळघाट आणि ताडोबा या मोठ्या जंगलांच्या मधोमध तो बसला आहे. रेल्वेच्या जंक्शनवर जसा उतारू गाडी बदलतो, तसा नव्या मुलखाच्या शोधात निघालेला तरुण वाघ येथे टेकतो आणि पुढे जातो.

पाडव्याच्या दिवशी पहाटे चारला उठून, डोळे चोळणाऱ्या मुलांना स्वेटरांत कोंबून आम्ही निघालो. दाराशी जिप्सी उभी होती. वाटाड्या म्हणून जो तरुण पुढे आला, तो मला पाहताच वाकला आणि पायांना हात लावून म्हणाला, "सर, ओळखलं का?"

ओळखले. बी. ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा. अलंकारांच्या पेपरात त्याने उपमा आणि उत्प्रेक्षा यांची जी गल्लत केली होती, ती मी अजून विसरलेलो नाही. त्या सकाळी मात्र आमच्या भूमिका उलटल्या. मऊ मातीत उमटलेला पंजा पाहून तो नर की मादी, रात्रीचा की पहाटेचा, हे तो सांगत होता. वानर का खेकसले, चितळाने शेपूट का उभारले, याचा अर्थ लावीत होता. जंगलाचे पुस्तक त्याला पाठ होते, आणि मी शेवटच्या बाकावर बसलो होतो.

सागाची पाने तोवर पिवळी पडू लागली होती. चितळांचे कळप दिसले, एक भला मोठा सांबर दिसला, मोर तर किती! वाघ मात्र दिसला नाही. एका वळणावर पंजे अगदी ताजे होते. विद्यार्थी हळूच म्हणाला, "आत्ताच गेला, सर." पुढचा अर्धा तास आम्ही श्वास रोखून बसलो. पण वाघाला प्राध्यापकांविषयी विशेष आदर नसावा. साडेनऊला आम्ही बाहेर आलो तेव्हा धाकटी रडवेली झाली होती आणि मी मनातल्या मनात जिप्सीच्या भाड्याला चार माणसांनी भागीत होतो.

"सर," विद्यार्थी म्हणाला, "घर जवळच हाये. आज आमच्याकडे गायगोधन. वहिनींले अन् पोराईले घेऊन चला ना. बाबाले लय बरं वाटेल."

त्या गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. बोरच्या कडेच्या दहा गावांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. नाव एकाचे घेतले काय आणि दुसऱ्याचे घेतले काय. साठ-सत्तर उंबऱ्यांचा गाव. काही घरे सिमेंटची, बरीच अजून मातीची आणि वर कवेलू. अंगणे शेणाने सारवलेली, दारात पाडव्याची रांगोळी. गावाच्या एका अंगाला पऱ्हाटी आणि तुरीची वावरे, आणि वावरे संपली की कुंपण नाही, फाटक नाही, एकदम जंगल.

विद्यार्थ्याच्या आईने पाट मांडले आणि करंज्यांची ताटली पुढे केली. मग सौभाग्यवतींना विचारले, "वाघ पाह्यला का बाई?"

"नाही हो मावशी. एवढ्या लांब आलो, पण नशिबात नव्हता."

मावशी हसल्या. "तुमाले पाह्यचा होता तं दिसला नाई. आमाले नाई पाह्यचा, तरी दिसते!"

सगळे हसलो. मी जरा उशिराच हसलो, कारण हसता हसता त्या वाक्याचे टोक मला लागले. मावशींनी वाघ तीनदा पाहिला होता. एकदा मोहफुले वेचायला पहाटे गेल्या असता, एकदा कापूस वेचताना वावराच्या धुऱ्यावर, आणि एकदा घरामागच्या नाल्यावर. वाकून काम करणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, म्हणून बायका आता एकेकट्या जात नाहीत. चार-पाच जणी मोठमोठ्याने बोलत जातात. "आमाले चूप बसा म्हणाले कोणी सांगत नाई आता," त्या म्हणाल्या. "जंगलात तुमाले मात्र चूप बसा लागते."

तेवढ्यात काकाजी, म्हणजे विद्यार्थ्याचे वडील, गायी धुऊन नाल्यावरून आले. सडपातळ, उंच, डोक्याला पांढरा दुपट्टा. मागे अकरा जनावरे. पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, हलक्या चालीची. ही गवळाऊ गाय. वर्धा जिल्हा हे तिचे माहेर. आर्वी-कारंजाकडचा डोंगराळ भाग, नागपूरचा काही भाग आणि पलीकडे छिंदवाडा हा तिचा मुलूख. हिचे बैल ओढीला फार जड नसले तरी चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजा गोंडवनात उतरत तेव्हा सामान वाहण्यासाठी हीच जात कामी येई, असे सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारने या जातीसाठी खास पैदास केंद्रही ठेवले आहे. पण ही जात जगली ती मुळात केंद्रात नव्हे, तर रानात चरून. आणि अडचण नेमकी तेथेच आली आहे.

"बारा होत्या," काकाजी म्हणाले. "भादव्यात चांदी गेली."

चांदी ही कळपातली सर्वांत दुभती गाय. नाल्याच्या पलीकडे, दिवसाढवळ्या. काकाजी आरडाओरड करीत धावले, तोवर सारे संपले होते. वाघ झुडपात बसून राहिला.

"मग तुम्ही काय केलंत?" चिरंजीवांनी डोळे विस्फारून विचारले.

"काय करतो बाबू? मांगं आलो. फॉरेस्टवाल्याले फोन केला."

नुकसानभरपाईचा नियम असा की, ठरल्या मुदतीत कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवायचे नाही. वनरक्षक वेळेवर आले, पंचनामा झाला, पुढे पैसेही मिळाले. त्याबद्दल काकाजींची तक्रार नव्हती. मी विचारले, "पण पंचनाम्यानंतर तरी गाय उचलून आणून पुरली असेल ना?"

काकाजींनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी उपमा-उत्प्रेक्षेची गल्लत करणाऱ्याकडे पाहतो.

"नाई सर. तिथंच राहू देल्ली. त्याच्या तोंडातला घास काढला तं तो उपाशी राहीन. अन् उपाशी राह्यला तं उद्या दुसरी नेईन. मंग म्हटलं, खा बाप्पा. पोटभर खा. दोन रात्री तो येत होता. मी इथं खाटेवर पडून आयकत होतो."

मावशी चुलीकडे वळल्या. मुले गप्प झाली. मी पुस्तकातून त्यागाची पुष्कळ उदाहरणे शिकवली आहेत. पण आपली सर्वांत लाडकी गाय वाघापुढे राहू देऊन, तिच्या मोबदल्यात उरलेल्या अकरा वाचवणारा हा हिशेब मला नवा होता.

विद्यार्थ्याने विषय काढला. बहुधा मी आलो म्हणूनच काढला असावा. "सर, तुम्हीच सांगा बाबाले. गिऱ्हाईक लागलं हाये. दिवाळी झाली की विकून टाकू. जंगलात चराई बंद. गावाजवळ चारलं तं वाघ. कोठ्यात बांधून खाऊ घालावं तं कडबा-ढेप कोण देते? मी महिन्याले जेवढं आणतो, तेवढं या अकरा जनावराईतून वर्षाले निघत नाई."

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. वाघामुळे त्याला नोकरी होती. वाटाडे, जिप्सीचालक, रखवालदार हे गावातलेच घ्यायचे, हे धोरण चांगले आहे. २०१५ पासून राज्यात जनवन विकास योजना आहे. तीतून जंगलाकाठच्या गावांत गॅस आला, जळणासाठी रानात जाणे कमी झाले. देशातही वाघ वाढले. २००६च्या गणनेत भारतात १,४११ वाघ होते, २०२२च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ निघाला. महाराष्ट्रात १०३ होते, ते ४४४ झाले. ही आपल्या अभिमानाचीच गोष्ट आहे. पण वाघ वाढले तसे जंगल वाढले नाही. प्रत्येक बच्चा मोठा झाला की त्याला स्वतःचा मुलूख लागतो, आणि तो शोधताना वाटेत गावे, वावरे आणि सडका येतात. बोरचा नावाजलेला वाघ बाजीराव डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर मोटारीच्या धडकेने मेला, हे अनेकांना आठवत असेल. गावकऱ्याला वाघाचे भय, आणि वाघाला आपल्या मोटारीचे.

काकाजी मुलाला काहीच बोलले नाहीत. ते माझ्याशी बोलले. "सर, माही बहीण नवरगावले देल्ली होती. जंगलाच्या पोटातलं गाव ते. उठलं. आता बाहेर राह्यते. कोणी मारून-मुटकून नाई काढलं, पैसा भेटला, सारं खरं हाय. पण तिले गाव कोणतं म्हणून पुसलं तं ती अजून नवरगावच सांगते. आमचं गाव नाई उठलं. पण ढोरं इकली तं आमी गवळी कायचे? गाव जागेवर, अन् आमीच उठलो."

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून आपखुशीने उठणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. पण काकाजी म्हणत होते तसल्या उठण्याला कोणत्याच योजनेत रकाना नाही. घर तेच, अंगण तेच, फक्त जगण्याची रीत उठून जाते.

दुपार कलली तेव्हा डफडी वाजू लागली. गावच्या वेशीपाशी शेणाचे गोधन मांडले होते, त्यावर झेंडूची फुले. गायींची शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा, अंगावर गेरूचे ठसे. आधी त्यांना खिचडी भरवली. मग काकाजींनी हाळी दिली आणि सारा कळप त्या गोधनावरून धावत गेला. वासरे उधळली, पोरे ओरडली, धाकटीने माझा हात घट्ट धरला. खुरांनी तुडवलेल्या त्या शेणाचा टिळा लोकांनी कपाळी लावला. काकाजींनी धाकटीलाही लावला. सकाळच्या वाघाचे दुःख ती विसरली होती.

कळप उभा राहिला तसे काकाजींनी एकेका गायीच्या पाठीवरून हात फिरवला. अकरा वेळा. मग हात क्षणभर तसाच हवेत राहिला.

निघण्यापूर्वी चहा झाला. धाकटीला केळझरची गोष्ट सांगण्याचे मी कबूल केले होते, ती तिने तेथेच वसूल केली. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, अशी आमच्याकडची परंपरा आहे. खानदेशातले एरंडोल आणि बिहारमधले आरा हेही आपापला हक्क सांगतात; पण वर्ध्यात राहून मी केळझरचीच बाजू घेणार. त्या नगरीबाहेर बकासुर राहत असे. रोज एका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा नेणारा माणूस पाठवायचा, असा करार होता. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्याची पाळी आली, घरात रडारड झाली, कुंतीने भीमाला पाठवले आणि भीमाने वाटेतच अन्न फस्त करून बकासुराला ठार केले.

मुले खूष झाली. काकाजी मात्र विडी विझवून म्हणाले, "गोठ चांगली हाय, गुर्जी. पण आमाले भीम नोको."

"का हो?"

"वाघ काई बकासुर नाई. त्याचंबी घर हाय, त्यालेबी लेकरं हायेत. तो मेला तं जंगल मरन, जंगल मेलं तं हे बोरचं पाणी कुठून येईन? तो राहो. पण तुमच्या गोठीत एक गोष्ट बरी होती. गाड्याची पाळी घरोघरी फिरे. आज याची, उद्या त्याची. इथं गाडा रोज आमच्याच दारातून जाते. वाघ तं साऱ्या देशाचा हाय म्हणते ना? मंग पाळी आमचीच कावून?"

मी वीस वर्षे वर्गात प्रश्न विचारीत आलो आहे. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सकाळी मी जिप्सीचे भाडे मोजताना कुरकुरलो होतो आणि वाघ न दिसल्याने पैसे फुकट गेले असे मला वाटले होते, ते आठवून मान खाली गेली. त्या जंगलासाठी मी जे काही मोजले ते वर्षातून एका सकाळचे. काकाजींनी चांदी मोजली होती.

विद्यार्थी आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आला. मी त्याला म्हटले, "तू खोटं बोलत नाहीस. पण वडील फक्त गायींबद्दल बोलत नाहीत, हेही ध्यानात घे." तो म्हणाला, "मले समजते, सर. म्हणूनच तं गिऱ्हाइकाले अजून हो म्हटलं नाई."

केळझरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दर्शन झाले. सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे मुलांच्या अभ्यासासाठी काही मागितले असेल. मी हात जोडले, पण माझ्या मनात गणपतीऐवजी एक गाडा होता. हिंगणीच्या वाटेने रोज निघणारा, आणि ज्याच्यावर माझ्या घराचे कधीच काही चढत नाही असा.

माघात विद्यार्थी कॉलेजात येऊन भेटला. बाप-लेकांत तडजोड झाली होती. सात जनावरे दिली, पण गवळाऊ पाळणाऱ्यालाच दिली, कारंज्याकडे. चार गायी ठेवल्या. त्या आता कोठ्यातच असतात. वावराच्या एका पट्टीत त्याने गवत लावले आहे. काकाजी रोज संध्याकाळी जुन्या चराईच्या वाटेने नाल्यापर्यंत जातात, उगीच उभे राहतात आणि परत येतात. मी वर्गाची सहल त्या गावी नेली. मुलांनी मावशींच्या हातचे जेवण जेवून त्याचे पैसे दिले, आणि काकाजींनी त्यांना गवळाऊची लक्षणे शिकवली. गाडा काही थांबला नाही. पण एका दिवसापुरती पाळी थोडी वाटून घेतल्यासारखे वाटले.

यंदाही परिषद भरली. पाडव्याचे बोलावणे आधीच आले आहे. चार गायींचे का होईना, गायगोधन होणार आहे. चिरंजीव काही बोलायच्या आत धाकटीनेच ठराव मांडला.

"बाबा, यंदा गायी पाहायला जायचं ना?"

ठराव एकमताने मंजूर झाला.